नाव घालणं

डंडीत, टे नदीच्या काठी, जानेवारीत
चार वाजता दिवे लागतात.
अशाच एका चार वाजता मसुदा उघडला
आणि मी चौथी होते.

नोव्हेंबरपर्यंत पहिली होते.
मधे कोणी काही बोललं नव्हतं.
प्रोफेसर रेनींच्या पत्रात एवढंच, की टोबायसला
फेलोशिपसाठी थोडा आधार लागेल,
तू समजून घेशीलच.

समजून घेणं मला येतं.
लग्नपत्रिकेत धाकट्या काकांचं नाव खालच्या ओळीत गेलं
म्हणून सात वर्षं अबोला धरलेलं घर आहे माझं.
आई दोन्हीकडे फराळ पोचवायची.

मी समजून घेतलं नाही.
अकरा वह्या पिशवीत भरल्या.
तीन हंगामांचे बटाटे, पानांवरचा करपा,
रात्री दोनची मोजणी, पहाटे पाचची मोजणी,
सगळं नेऊन टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलंच.

मध्यस्थ म्हणून दुसऱ्या विभागातल्या विनिफ्रेड बेअर्ड.
हिमनद्यांचा अभ्यास त्यांचा. घाई नव्हती त्यांना.
कल्पना कोणाची, मोजलं कोणी, लिहिलं कोणी,
असा तक्ता आखून तिघांपुढे सरकवला.
रेनींनी स्वतःचे सगळे रकाने भरले.
टोबायसने दोन. त्याचे कान लाल झाले होते.
मी पाच.

मग त्यांनी सातवी वही उघडली.
चौदा मार्च. माझं निळं अक्षर, ओळीत.
समासात पेन्सिलीने, तिरपं:
‘ही पानं आजारी नाहीत. तहानलेली आहेत. परत बघ. एस.’

‘एस कोण?’

वीस पानांचा निबंध त्या तीन वाक्यांवर उभा होता.

सेंगा पेट्री.
अ‍ॅग्नेस उलटं लिहिलं की सेंगा होतं,
इकडच्या जुन्या बायकांत असतं असं नाव.
पहिल्या दिवशी घरी फोन करून हसले होते मी,
आमच्या प्रयोगशाळेत एक शेंगा आहे म्हणून.
सत्तावीस वर्षं पेट्री डिश धुणारी, रोपं लावणारी,
फ्रीझर बंद पडला की झोपेतून उठून येणारी.
माझ्या मसुद्यात, मी पहिली होते त्या मसुद्यात,
ती शेवटच्या पानावर होती.
‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार.’
नाव नव्हतंच.

माझ्या जेवणाच्या डब्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय:
चि. मृदुलास, मावशीकडून, खाली तारीख.
देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव.
डबा घडवला त्याचं नाव कुठल्याच डब्यावर नसतं.
रोज त्यातूनच जेवत आले. कधी घास अडकला नाही.

‘एस म्हणजे,’ मी म्हटलं,
आणि पुढचं वाक्य यायला वेळ लागला,
‘मला माझी तक्रार दुरुस्त करायची आहे.’

क्रम ठरायला सहा आठवडे गेले.
मी पहिली. टोबायस आपणहून तिसरा झाला.
रेनी शेवटी, मोठी माणसं बसतात तिथे,
लिफ्टमध्ये भेटले तर अजून मजल्यांचे आकडे वाचतात.
दुसरी सेंगा.

सांगायला काचघरात गेले.
भाषण तयार होतं, त्यात क्षमा हा शब्द दोनदा होता.
तिने हातमोजेही काढले नाहीत.
‘न वाचता मी कशावर नाव देत नाही,’ म्हणाली,
‘गॅसच्या बिलावरसुद्धा नाही.’

कागद घरी घेऊन गेली.
सोमवारी परत आले, एका कोपऱ्याला मुरंबा लागलेले,
पेन्सिलीने एकोणीस दुरुस्त्या.
तिसरी आकृती आम्ही सगळ्यांनी मिळून उलटी लावली होती.
पाण्याचं गणित एका दशांशाने चुकलं होतं.

आणि सगळ्यात वर, लेखकांच्या ओळीत,
तिच्या नावाशेजारी, जरा दाबून:
‘शेवटी ई राहिलाय.
मी डिश नाही.’